तातडीच्या खणामागची फट

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. तुमच्या घरी भांड्यांची असते तशी नव्हे. मी कोर्टातली मांडणी आहे. माझ्या फळ्यांवर पातेली कधी आली नाहीत, आले ते कागद, आणि प्रत्येक कागदात कुणाचे तरी भांडण. मित्रांनो, पातेले घासले की स्वच्छ होते, भांडणाचे तसे नसते. चाळीस वर्षे मी ती पोटात घेऊन उभी आहे आणि खरे सांगायचे तर आता थकले आहे. तरी ऐका. म्हाताऱ्यांना कुणी ऐकणारे मिळाले की बरे वाटते.

माझा जन्म दोन दारांपासून झाला. कोर्टाची आधीची इमारत पाडली तेव्हा तिची दोन जाड दारे उरली होती. त्या वेळचे मोठे कारकून कुठलीच वस्तू टाकून देत नसत. त्यांनी सुताराला बोलावले आणि दारे त्याच्यापुढे ठेवली.

"खण किती ठेवायचे?" सुताराने विचारले.

"माणसं जितक्या तऱ्हेनं भांडतात तितके," मोठे कारकून म्हणाले.

"मग साहेब, दोन दारांनी भागायचं नाही. जंगलच आणावं लागेल."

शेवटी आठ खणांवर तडजोड झाली. त्या आवारात इतक्या झटपट झालेली तडजोड मी पुन्हा पाहिली नाही. चार खण वर, चार खाली, मागे पाठीला एक सलग फळी. सुताराने मला रंधा मारला, तेल पाजले आणि दाखल खिडकीच्या, म्हणजे लोक कागद आणून देतात त्या खिडकीच्या, शेजारी उभे केले. सकाळभर बाजूच्या भिंतीतल्या मोठ्या खिडकीतून माझ्या अंगावर ऊन पडे. तेव्हा मी दिसायला बरी होते. आता कुणी तसे म्हणणार नाही.

माझे काम सोपे होते. खिडकीतून कागद आत येई. कारकून पाने मोजत, शिक्का मारत, नंबर घालत, वहीत लिहीत आणि कागद माझ्या एका खणात सरकवत. पण कुठल्या खणात, इथेच सगळी गंमत होती. कारण माझा प्रत्येक खण वेगळ्या वेळी रिकामा होई, आणि कागदाचे पुढचे सगळे नशीब त्यावर ठरे.

मोठ्या कारकुनांची एक पद्धत होती. ते कागद वाचण्याआधी खिडकीतल्या माणसाला विचारत, "तुम्हाला काय हवं?" बरोबरचे वकील चुळबुळत. मोठे कारकून ऐकत नसत. ते म्हणत, "कागदावर दहा गोष्टी लिहिलेल्या असतात. माणूस एकच सांगतो."

आणि खरेच, लोक एकच सांगत. कुणी म्हणे, "माझी जागा त्यानं बळकावलीय, ती मला परत द्या." हा झाला दिवाणी दावा. तो खालच्या पहिल्या खणात जाई. तिथे तुरुंगाचे काम नाही. एक वादी, दुसरा प्रतिवादी, आणि कोण खरे ते पुराव्याने ठरायचे. कुणाची सायकल चोरीला गेलेली असे आणि तो दात-ओठ खात म्हणे, "त्या चोराला शिक्षा झालीच पाहिजे." हे फौजदारीचे काम. तिथे भांडण दोघांचे राहत नाही. नुकसान एकाचे झाले तरी गुन्हा सगळ्या समाजाविरुद्ध धरतात, म्हणून त्याच्या बाजूने सरकार उभे राहते. मग तोच माणूस हळूच विचारी, "आणि माझ्या सायकलीच्या भरपाईचं काय?" त्यासाठी पुन्हा दिवाणीचा खण! एकच सायकल माझ्या दोन खणांत शिरलेली मी पाहिली आहे.

काही जण येताना जाडजूड गठ्ठा घेऊन येत. "खालच्या कोर्टाचं चुकलं," म्हणत. ते अपील. त्याला मुदत असे, म्हणून अपिलाच्या खणाशी नेहमी धापा टाकणारी माणसे. सगळ्यांत कंटाळलेले लोक दरखास्तीच्या खणाशी येत. त्यांचा दावा कधीच जिंकून झालेला असे. हुकूमनामा हातात असे. पण समोरचा माणूस तो मानत नसे, म्हणून बिचाऱ्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागे. एकदा एक आजीबाई म्हणाल्या, "जिंकले तेव्हा साखर वाटली. आता ती साखर खाल्लेले निम्मे लोक राहिले नाहीत." मोठ्या कारकुनांनी त्यांना बसायला स्टूल दिले होते.

वारसाच्या अर्जांचा खण मात्र शांत असे. त्या लोकांचे कुणाशी भांडण नसे. घरातले कुणीतरी गेलेले असे आणि मागे राहिलेल्यांना फक्त दाखला हवा असे.

आणि वरचा पहिला खण होता तातडीच्या अर्जांचा. त्याबद्दल मोठे कारकून नव्या माणसाला सांगत, "झाड कुणाचं ते ठरवणं म्हणजे दावा. ठरेपर्यंत कुऱ्हाड खाली ठेव म्हणणं, हा तातडीचा अर्ज. झाड पडल्यावर ते कुणाचं होतं हे ठरवून फक्त सरपणाची वाटणी होते." दाव्यांचा खण आठवड्यातून एकदा, शनिवारी रिकामा होई. तातडीचा खण रोज दोनदा, सकाळी साडेदहाला आणि दुपारी अडीचला. त्याच्या बरोबर खाली दाव्यांचा खण. मधे एकच फळी.

मित्रांनो, माझेही कौतुकाचे दिवस होते. एकदा तपासणीला मोठे न्यायाधीश आले. त्यांनी माझ्या खणांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, बोटाच्या पेराने माझ्या कडेवर टकटक केले आणि म्हणाले, "ऑफिस खरं तर ही मांडणीच चालवते, आपण फक्त सह्या करतो." मोठे कारकून महिनाभर ते वाक्य येईल त्याला ऐकवत होते. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसत. वर्षातून एकदा तेल लावत. मग ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या आठही खणांत हात घालून पाहिला, काही राहिले तर नाही ना म्हणून. त्यानंतर मला तेल लागले नाही.

त्यांच्या जागी बाई आल्या. त्यांचे नाव असेल काहीतरी, पण सगळे त्यांना बाईच म्हणत. बाई कामाला वाघ होत्या. "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न त्यांनी मोठ्या कारकुनांकडून जशाच्या तसा उचलला होता. पण माणसे वाढली, कागद वाढले, कारकुनांची संख्या मात्र तेवढीच राहिली. मला पुसायला वेळ कुणाकडे असणार? माझ्यामागच्या भिंतीत पाण्याचा नळ पाझरू लागला. ओल माझ्या पाठीत चढली. फळी फुगली, खिळे गंजले, आणि एके दिवशी वरच्या पहिल्या खणामागे पाठीची फळी सुटून बाहेर वाकली. मधली फळी आता पाठीपर्यंत पोचेना. तिथे तीन बोटांची फट पडली.

बाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी सुतारासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आले, "दुरुस्ती हवी की बदली, ते स्पष्ट नमूद करावे." त्यांनी लिहिले, दुरुस्ती. पुढचे उत्तर आले, "मांडणी भिंतीला ठोकलेली आहे काय? असल्यास इमारत विभाग, नसल्यास सामान विभाग." आता माझी डावी बाजू भिंतीला ठोकलेली होती आणि उजवा खिळा केव्हाच निसटला होता. बाईंनी प्रामाणिकपणे तसे कळवले. दोन्ही विभागांनी हात वर केले. तीन वर्षे गेली. म्हणजे मित्रांनो, माझाही एक अर्ज होता. फक्त तो कुठल्या खणात घालावा, हे कुणाला ठरवता आले नाही.

पहिला अर्ज केला त्याच आठवड्यात बाईंनी एक जाड पुठ्ठा दुमडून त्या फटीत बसवला होता. तोच माझा सुतार. ती तीन वर्षे त्याने आपले काम चोख केले.

आणखी एक सांगायला हवे. बाई माझ्या आवडत्या आहेत, तरी सांगते. वहीत शेवटी एक रकाना होता, 'पाठवले'. शिपाईदादा खणातून कागद घेऊन जातील, सही करतील, आणि मगच त्या रकान्यात लिहायचे, असा नियम होता. पण शिपाईदादा एक आणि कोर्टाच्या खोल्या सहा. ते पळत येत आणि पळत जात. म्हणून बाई कागद खणात ठेवतानाच 'पाठवले' लिहून टाकत, आणि शिपाईदादा संध्याकाळी बसून सगळ्या सह्या एकदम ठोकत. सगळीच ऑफिसे असे करतात म्हणे. वर्षानुवर्षे काही बिघडले नाही. बिघडत नाही तोवर कुठलीही सवय चांगलीच वाटते.

त्या सोमवारी सकाळी न्यायाधीशांचे टेबल डुगडुगत होते. शिपाईदादा पायाखाली घालायला काहीतरी शोधत आले. बाई खिडकीत रांगेशी बोलत होत्या. शिपाईदादांनी माझ्या तातडीच्या खणात हात घातला, पुठ्ठा ओढून काढला, "झकास!" म्हणाले आणि गेले. टेबल स्थिर झाले. न्यायाचे टेबल स्थिर असावे, हे मलाही मान्य आहे.

दुपारी बाराच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. बरोबर त्यांची लेक होती आणि एक वकील. गृहस्थांच्या शर्टाच्या खिशातून दोरीला बांधलेले छोटे काळे भिंग डोकावत होते. ते घड्याळजी होते. घड्याळे दुरुस्त करायचे त्यांचे दुकान त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत होते.

"दावा आहे, आणि सोबत मनाईचा तातडीचा अर्ज," वकील म्हणाले.

बाईंनी घड्याळजींकडे पाहिले. "काका, तुम्हाला काय हवं?"

"उजेड," घड्याळजी म्हणाले.

वकील समजावून सांगायला पुढे झाले. "थांबा वकीलसाहेब, यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

"माझ्या खोलीला एकच खिडकी आहे, बाई. पस्तीस वर्षं मी तिच्याशी बसून काम करतो. शेजारचे आता गोदाम बांधतायत. त्यांची भिंत माझ्या खिडकीला अगदी खेटून येतेय."

"दिवा लावून नाही जमत?"

"दिव्यानं काटे दिसतात. काट्याखालची धूळ नाही दिसत. आणि माझे डोळे आता..." घड्याळजी थांबले आणि हसले. "घड्याळं पण म्हातारी, मी पण म्हातारा. दोघांना उजेड लागतो."

"भिंत आज गुडघ्याएवढी आहे," लेक म्हणाली. "सकाळी मोजून आलेय मी. लवकर होईल ना, ताई?"

"उद्या सकाळी साहेबांपुढे असेल," बाई म्हणाल्या. त्यांनी पाने मोजली, शिक्का मारला, नंबर घातला, वहीत 'तातडीचे' लिहिले आणि त्याच दमात शेवटच्या रकान्यात 'पाठवले' लिहिले. मग मागे वळून त्यांनी तो जुडगा माझ्या वरच्या पहिल्या खणात जोरात सरकवला. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत, म्हणून त्या नेहमीच तो पाठीला टेकेपर्यंत सरकवत.

तो टेकला नाही. फटीत गेला. माझ्या पाठीवरून घसरत खाली आला आणि दाव्यांच्या खणात, गठ्ठ्यांच्या मागे, उभाच्या उभा अडकून बसला.

मी करकरले. जितक्या जोरात करकरता येईल तितक्या जोरात करकरले.

"हवा दमट आहे आज," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

अडीच वाजता शिपाईदादांनी तातडीच्या खणातले दोन अर्ज उचलले आणि गेले. तिसरा होता हे त्यांना कसे कळणार?

मंगळवारी वकील सकाळपासून कोर्टाच्या खोलीत बसले. पुकारा झालाच नाही. ते खिडकीशी आले. बाईंनी वही दाखवली, 'पाठवले'. वकील वर, न्यायाधीशांच्या ऑफिसात गेले. वरचे म्हणाले, "आमच्याकडे आलाच नाही, दाखल खिडकीला विचारा." वकील पुन्हा खाली. टोलवाटोलवीचा हा खेळ दुपारपर्यंत चालला. बाईंनी तातडीच्या खणात कोपरापर्यंत हात घातला. त्यांची बोटे फटीला लागली. "पुठ्ठा कुठे गेला?" त्या पुटपुटल्या. आता एकदाच हात खाली घाला, बाई! पण तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी ओरडले आणि त्यांनी हात बाहेर काढला. मग त्यांनी टेबलाखाली पाहिले, कपाटावर पाहिले, शिपाईदादांची पिशवी उलटी केली. दाव्यांच्या खणात कुणी पाहिले नाही. तातडीचा कागद तिथे कोण ठेवील? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय.

"आज कमरेला आली भिंत," लेक संध्याकाळी खिडकीशी येऊन सांगून गेली.

"मग तेच पुन्हा दाखल करू," वकील बुधवारी म्हणाले. पण एकदा नंबर पडला की तेच प्रकरण दुसऱ्यांदा घेता येत नाही. आधीचे हरवले असा दाखला लागतो, आणि दाखल्याआधी तीन दिवस शोध घ्यावा लागतो. बाईंनी त्याच दिवशी शोधाचा कागद सुरू केला. नियमापुढे त्यांचेही काही चालत नव्हते.

घड्याळजी शेजाऱ्याकडे गेले होते, असे लेकीने खिडकीशी सांगितले. शेजारी वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि म्हणाला, "काका, बांधायची परवानगी माझ्याकडे आहे. थांबवायचा कोर्टाचा कागद तुमच्याकडे असेल तर दाखवा, मी या क्षणी गवंड्याला घरी पाठवतो." घड्याळजींकडे कागद नव्हता. तो माझ्याकडे होता.

मित्रांनो, बोलता न येणे काय असते ते मी त्या आठवड्यात शिकले. गुरुवारी लेक आली आणि म्हणाली, "खिडकीच्या चौकटीला लागली." शुक्रवारी ती आली तेव्हा तिने नुसती चार बोटे दाखवली. वर एवढाच उजेड उरला होता. त्याच दिवशी संध्याकाळी दाखल्यावर सही झाली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गवंड्याने शेवटचा थर लावला.

शनिवारी सकाळी शिपाईदादा दाव्यांचा खण रिकामा करायला आले. त्यांनी गठ्ठे पुढे ओढले. मागून काहीतरी धपकन पडले.

"बाई!" ते ओरडले.

बाईंनी तो जुडगा पाहिला. त्यावरचा सोमवारचा शिक्का पाहिला. मग माझ्या वरच्या खणात हात घालून फट चाचपली, आणि सावकाश खाली वाकून खालच्या खणात हात घातला. त्यांना सगळे कळले. त्या क्षणभर खुर्चीवर बसल्या आणि लगेच उठून तो जुडगा स्वतः घेऊन जिना चढल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पाहिले नव्हते.

दुपारी वकील खाली आले. घड्याळजी आणि लेक खिडकीशी उभे होते. "वरातीमागून घोडं झालं," वकील म्हणाले. "साहेबांनी लगेच ऐकलं. पण आपण मागितलं होतं 'थांबवा'. भिंत कालच पुरी झाली. आता थांबवायला उरलंय काय? आता 'पाडा' म्हणावं लागेल. अर्ज संपला, दावा तसा बदलून द्यायचा."

"म्हणजे एक शब्दच बदलायचा ना?" लेकीने विचारले.

"शब्द एक, पण काम निराळं. थांबवायला एवढंच दाखवावं लागतं की यांचं म्हणणं वरवर तरी खरं दिसतंय आणि आत्ता न थांबवलं तर नुकसान होईल. ते एका दिवसात होतं. उभी भिंत पाडायची तर पूर्ण पुरावा लागतो. किती वर्षं उजेड येत होता, किती कमी झाला, साक्षीदार, तज्ज्ञ, नकाशे. वर्षं जातील. आणि समोरचे वकील पहिला प्रश्न विचारतील, भिंत पुरी होईपर्यंत तुम्ही गप्प का बसलात?"

"आम्ही कुठं गप्प बसलो?" लेक म्हणाली. बाई वहीत डोके खुपसून बसल्या होत्या.

तीन आठवड्यांनी घड्याळजी बदललेला दावा घेऊन आले. बरोबर लेक होती. बाईंनी या वेळी "काय हवं?" विचारले नाही. त्यांना विचारवले नसावे. त्यांनी पाने मोजली, शिक्का मारला आणि वळून कागद माझ्या खालच्या पहिल्या खणात ठेवला. ज्या खणात तो आधी चुकून पडला होता, तोच खण आता त्याचा हक्काचा झाला होता.

घड्याळजी खिडकीतून माझ्याकडे बघत होते. डोळे अधू झाले तरी कारागिराची नजर ती कारागिराचीच.

"बाई, तुमच्या मांडणीची पाठ सुटलीय," ते म्हणाले. "वरच्या खणातला कागद खाली पडेल एखाद्या दिवशी."

बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मूग गिळून गप्प बसणे त्यांना सहज शक्य होते. कागद खाली कसा गेला, हे त्या आणि शिपाईदादा सोडून कुणाला ठाऊक नव्हते. मग त्या वळल्या.

"पडला, काका. तुमचाच पडला. पाच दिवस तो खालच्या खणात होता. आणि तो वर साहेबांकडे पोचायच्या आधीच 'पाठवले' असं मी लिहून टाकलं होतं. म्हणून कुणी खाली शोधलंच नाही."

लेकीचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे आमची भिंत इथं बांधली गेली?"

बाईंनी मान खाली घातली. ते वाक्य माझ्याही फळ्यांत रुतले. ते आजही तिथेच आहे.

घड्याळजींनी पुन्हा माझ्या सुटलेल्या पाठीकडे पाहिले. मग म्हणाले, "मला जरा आत येऊ द्याल?"

शिपाईदादांनी त्यांना दार उघडून दिले. ते माझ्यापाशी आले. त्यांनी खणात हात घातला, फळीवरून बोटे फिरवली, फुगलेली जागा दाबून पाहिली. पाझरणारा नळ मधल्या काळात दुरुस्त झाला होता आणि मी बऱ्यापैकी वाळले होते. त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला आणि एक चपटी डबी. त्यात भिंतीवरच्या घड्याळांचे स्क्रू होते.

"बाबा, तुम्ही यांचं दुरुस्त करून देताय?" लेकीचा आवाज चढला. "यांच्यामुळे..."

"उद्या इथं दुसऱ्या कुणाचा कागद येईल ना," घड्याळजी म्हणाले.

शिपाईदादांनी फळी दाबून धरली. घड्याळजींनी एक स्क्रू लावला, दुसरा लावला. तिसऱ्या स्क्रूपाशी ते थांबले, मान वर करून त्यांनी त्या मोठ्या खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, "इथं उजेड छान आहे."

मग ते पुन्हा फळीकडे वळले. चौथा स्क्रू बसला. फट मिटली.

तेव्हा बाईंनी एक कोरा कागद घेतला. सोमवारी बाराच्या सुमारास हा दावा आणि अर्ज माझ्याकडे दाखल झाला, त्या वेळी भिंत गुडघ्याएवढी असल्याचे यांच्या मुलीने मला सांगितले होते, पुढचा उशीर आमच्या ऑफिसचा आहे, यांचा नाही, आणि वहीतली नोंद मी वेळेआधी केली होती, असे सगळे त्यांनी लिहून काढले. खाली सही केली.

"बाई, नोकरीवर येईल तुमच्या," शिपाईदादा हळूच म्हणाले.

"येऊ दे. हा कागद दाव्याला जोडा. 'गप्प का बसलात' असं विचारतील तेव्हा दाखवायला होईल." मग त्या लेकीला म्हणाल्या, "तुझी भिंत मला पाडता येणार नाही गं. एवढंच येतं."

लेकीने तो कागद वाचला, दुमडला आणि पुन्हा उघडून वाचला. "चहा घेणार का, बाबा?" एवढेच ती म्हणाली. पण जाताना तिने बाईंना मान हलवून निरोप दिला.

शिपाईदादांनाही चैन पडले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखालचा पुठ्ठा काढून आणला आणि माझ्या वरच्या खणात ठेवला. बैल गेला नि झोपा केला, असे कुणी म्हणेल. म्हणू दे. मला तो पुठ्ठा आवडतो.

बाईंना पुढे लेखी समज मिळाली आणि त्यांची एक पगारवाढ अडली. 'पाठवले' हा शब्द त्या आता शिपाईदादांची सही झाल्यावरच लिहितात. रांगेतली माणसे कुरकुरतात. बाई ऐकून घेतात.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. चार स्क्रू आणि दहा मिनिटे, एवढ्यानेच माझे दुखणे बरे होणार होते. तीन वर्षे ती दहा मिनिटे कुणाला सापडली नाहीत, आणि एका माणसाच्या खोलीतला उजेड गेला. तुमच्या घरातले दार, शाळेतला बाक, दप्तराचा पट्टा, कुणी करकरत असेल तर एकदा वाकून बघा. आम्हाला बोलता येत नाही. करकरणे एवढेच आमचे बोलणे. आणि काम होण्याआधी 'झाले' असे कधी लिहू नका.

तो दावा अजून चालू आहे. बाईंचा कागद कोर्टाने पुराव्यात घेतला, एवढी एक चांगली बातमी मी खिडकीतून ऐकली. दर तारखेला घड्याळजी सकाळी लवकर येतात. बाई त्यांच्यासाठी आत, माझ्या शेजारी, मोठ्या खिडकीखाली खुर्ची ठेवतात. ते बसतात, खिशातून एखादे बंद पडलेले घड्याळ काढतात, डोळ्याला भिंग लावतात आणि पुकारा होईपर्यंत तिथल्या उन्हात ते उघडून बसतात. काट्याखालची धूळ त्यांना इथे दिसते.